कोल्हापूरच्या एजन्सीचा फॉर्म बी बेळगावातल्या स्प्रिंकलरला (आग लागली की आपोआप पाणी फवारणाऱ्या यंत्रणेला) चालेल का?

नाही, चालणार नाही. फॉर्म बी हा महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली परवानाधारक एजन्सीने दर सहा महिन्यांनी द्यायचा, आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या इमारतींची तपासणी कर्नाटक अग्निशमन खातं करतं. बांधकामाआधी नकाशांवर ना-हरकत आणि काम झाल्यावर प्रत्यक्ष पाहणी करून क्लिअरन्स, असे दोन टप्पे. पाहणीआधी हे स्वतः करून बघा:

- सगळ्यात लांबच्या टोकाचा टेस्ट व्हॉल्व्ह उघडा. दाब उतरला की आधी जॉकी पंप (पाइपातला दाब टिकवणारा छोटा पंप), मग मुख्य पंप आपोआप सुरू व्हायला हवा, आणि पाइपातून पाणी वाहू लागल्याचं ओळखणाऱ्या फ्लो स्विचवरून अलार्म वाजला पाहिजे. बहुतेकदा घोडं इथेच अडतं: पंपांचं पॅनेल ‘मॅन्युअल’वर राहिलेलं असतं किंवा डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली असते.
- रंगाऱ्याने स्प्रिंकलरच्या डोक्यावर रंग उडवला असेल तर ते डोकं बदलाच. पुसून भागत नाही. डोक्यातला लाल काचेचा बल्ब ६८ अंश सेल्सिअसला फुटून पाणी सोडतो; रंगाच्या थराने तो उशिरा फुटतो.
- डोक्याखाली किमान अर्धा मीटर जागा मोकळी ठेवा.

मात्र त्या एजन्सीचा पाइपांच्या दाबचाचणीचा अहवाल फेकू नका, अर्जासोबत पुरावा म्हणून जोडा.