झेड-फोरची काच फुटली: क्लेम करू की खिशातून भरू?

बाणेरच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४१, आयटीत नोकरी, हातात महिन्याला १ लाख ६५ हजार पडतात. २०२१ मध्ये त्यांनी बीएमडब्ल्यू झेड-फोर सेकंडहँड घेतली. दोन सीटची, छत दुमडून डिकीत जाणारी, नोंदणी जून २०१२ ची. गेल्या रविवारी सोसायटीतल्या मुलांचा सीझन बॉल थेट ड्रायव्हरच्या दाराच्या काचेवर बसला. कंपनीच्या वर्कशॉपने ८४,९६० रुपयांचं एस्टिमेट दिलं आहे, ओळखीच्या गॅरेजवाल्याने ३४ हजार सांगितले आहेत. ज्या मुलाने फटका मारला त्याच्या वडिलांनी पाच हजार देऊ केलेत. वाचक विचारतात, "विमा आहे, मग क्लेम का करू नये? नाहीतर दोन महिने एसआयपी थांबवून कंपनीतूनच करून घेऊ का? बायको म्हणते विकूनच टाका, सात सीटची गाडी घेऊ."

पैशांचं बोलण्याआधी एक काम. दार उघडून काचेचं बटण दाबून बघितलं नसेल तर दाबू नका, आणि छतही हलवू नका. छत उघडताना दारांच्या काचा आपोआप खाली उतरतात. फुटलेली काच टफन्ड असते, तिचे साबुदाण्यापासून खडीसाखरेएवढे तुकडे होतात आणि त्यातले निम्मे दाराच्या पोटात पडलेले असतात. काच वरखाली करणारी यंत्रणा त्यांच्यात अडकली की ३४ हजारांचे पन्नास व्हायला वेळ लागत नाही. प्लास्टिक लावलंय म्हणता, ठीक आहे, पण खाकी पॅकिंग टेप थेट रंगावर चिकटवली असेल तर आजच काढा. पुण्याचं ऊन आणि पाऊस आलटून पालटून लागले की ती निघताना रंग घेऊन निघते.

आता क्लेम. "विमा आहे तर वापरायचा" हे ऐकायला बरोबर वाटतं, म्हणून तुमचेच आकडे मांडतो.

कंपनीच्या एस्टिमेटमध्ये काच ४६ हजार, दाराचं रबर बीडिंग १४ हजार, लेबर १२ हजार, म्हणजे ७२ हजार, अधिक १८ टक्के जीएसटी. गाडी इतकी जुनी असल्याने तुमच्या पॉलिसीत झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांच्या जुनेपणापोटी पैसे न कापण्याची जादा सोय, नाही. अशा पॉलिसीत काचेवर घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, कापत नाहीत, रबर आणि प्लास्टिकवर मात्र निम्मा कापतात. बीडिंगचे सात हजार आणि त्यावरचा जीएसटी गेला. शिवाय १५०० सीसीच्या वरच्या गाडीला दर क्लेममागे दोन हजार आपले आपणच भरायचे असतात. हिशोब केला तर विमा कंपनी सुमारे ७४,७०० देईल आणि तुमच्या खिशातून १०,२६० जातील. इथपर्यंत क्लेम फारच स्वस्त दिसतो.

पण पॉलिसीच्या दुसऱ्या पानावर नो क्लेम बोनस ५० टक्के लिहिलंय, ते बघा. पाच वर्षं क्लेम न करता तुम्ही तो कमावला आहे. तुमचा ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, मूळ प्रीमियम ३० हजार आहे आणि बोनसमुळे तुम्ही १५ हजार भरता. क्लेम ७४ हजारांचा असो की सात हजारांचा, बोनस शून्यावर येतो. मग पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून चढायच्या: २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. पुढच्या नूतनीकरणाला १५ ऐवजी ३० हजार, त्यापुढे २४ हजार, मग साडेबावीस, साडेएकोणीस, साडेसोळा. जादा गेले १५ + ९ + साडेसात + साडेचार + दीड, म्हणजे साडेसदतीस हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ४४,२५०. गाडीची विम्यातली किंमत दर वर्षी उतरते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा कमी भरेल. चाळीस हजार धरा. त्यात वर्कशॉपला द्यायचे दहा हजार मिळवा. फुकट वाटणारी काच पन्नास हजारांना पडली, फक्त पाच वर्षांच्या हप्त्यांनी, म्हणून कळली नाही.

आणि या पाच वर्षांत एखाद्या दिवशी खरा अपघात झाला, पुढचा बंपर आणि हेडलाइट गेले, तर तेव्हा क्लेम करावाच लागेल आणि उरलासुरला बोनस जाईलच. तसा क्लेम केला तर मी कधी हरकत घेणार नाही. या गाडीचा एक झेनॉन दिवा बदलायचा म्हटला तरी काचेचा खर्च विसराल. विमा त्या दिवसासाठी ठेवा.

एका परिस्थितीत माझं उत्तर उलटं होईल. पुढच्या नूतनीकरणाआधी तुम्ही ही गाडी विकणार असाल आणि तुमच्या नावावर दुसरी गाडीच घेणार नसाल, तर बोनस जपून काही उपयोग नाही. मग खुशाल क्लेम करा, कंपनीत नवी काच बसवा. पण घरात सात सीटर येणार म्हणता. बोनस माणसाच्या नावे असतो, गाडीच्या नव्हे. झेड-फोर विकताना विमा कंपनीकडून बोनसचं पत्र घेतलंत तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या गाडीला ते ५० टक्के लागू होतात. नव्या सात सीटरचा ओन डॅमेज प्रीमियम तुमच्या आजच्या प्रीमियमपेक्षा कमी नसेल, म्हणजे तिथे बोनस आणखी कामाला येतो. मात्र ती गाडी पत्नीच्या नावावर घेतलीत तर तुमचा बोनस तिला चालणार नाही. हे शोरूममध्ये सही करताना आठवत नाही, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

तर क्लेम नाही. उरला प्रश्न कंपनी की बाहेर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पैसे नेमके इथे वाचतात किंवा बुडतात.

साध्या गाडीच्या दाराला काचेभोवती चौकट असते, काच खोबणीत सरकते, कोणीही बसवू शकतो. तुमच्या दाराला चौकट नाही. तुम्ही हँडल ओढलंत की काच थोडीशी आपोआप खाली येते आणि दार लागलं की पुन्हा वर जाऊन छताच्या रबरात रुतते. रोज बघत असाल, लक्ष गेलं नसेल. ही काच किती उंच जायची, आत किती झुकायची, रबर किती दाबायचं, हे सगळं दाराच्या आतल्या स्क्रूंवर जुळवावं लागतं. त्यानंतर मोटरला वरचं-खालचं टोक पुन्हा शिकवावं लागतं. ते केलं नाही तर काच खाली उतरायचं विसरते आणि दार लावताना छताच्या कडेवर आपटते. झुकाव चुकला तर ऐंशीच्या वेगाला कानाशी शिट्टी वाजते आणि पहिल्या जोरदार सरीत पाणी आत येतं. उघड्या छताच्या गाड्यांत सीटखाली आणि गालिच्याखाली वायरिंग, कनेक्टर असतात. पोर्शे बॉक्स्टरच्या जुन्या मॉडेलमध्ये तर इमोबिलायझरचं, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचं, युनिटच सीटखाली असतं आणि ते भिजलं की गाडी सुरूच होत नाही. तुमच्या गाडीतही ओला गालिचा ही नुसत्या वासाची तक्रार समजू नका.

म्हणून गॅरेजवाल्याचं एस्टिमेट मी असं वाचतो: काच २२ हजार, बसवणं-जुळवणं ९ हजार, आतल्या क्लिपा आणि दाराच्या पॅनेलमागचा प्लास्टिकचा पडदा ३ हजार. ज्या ९ हजारांवर तुम्हाला घासाघीस करावीशी वाटतेय, तिथे करू नका. करायचीच तर २२ वर करा. मोडीत निघालेल्या गाडीची मूळ काच चालते. काच झिजत नाही. ओरखडा आणि कडेचा टवका तेवढा बघायचा. आयात झालेल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचं उजवं दार असलं तरी काच तीच, त्यामुळे भंगारवाला "परदेशी गाडीची आहे" म्हणाला तर बिचकू नका. कोपऱ्यातला छापा मात्र वाचा: कंपनीचं नाव, टफन्ड किंवा टेम्पर्डची खूण, वर्तुळातला ई आणि आकडा, आणि दुसऱ्या दाराच्या काचेशी जुळणारी छटा. आणि "साहेब, फिल्म मारून देतो, रंग जुळेल" म्हणाला तर नाही म्हणा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचांवरच्या काळ्या फिल्मला मनाई केली आहे, आणि बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश आत यायलाच हवा, हा नियम त्याच्याही आधीचा.

कंपनीच्या एस्टिमेटमधलं ते १४ हजारांचं बीडिंग माझ्या डोळ्यात सलतंय. बॉल काचेवर बसला होता ना? रबर फाटलं असेल तर बदलावंच लागेल, पण आधी बोट फिरवून बघा. चौदा वर्षांचं रबर कडक झालेलं असेल, तडे असतील, तर वर्कशॉपचं म्हणणं खरं आहे आणि ते गॅरेजवाल्यालाही सांगावं लागेल. मऊ असेल तर त्यातले खडे टोकदार काडीने काढून घ्या, पुरे.

पैसे देण्याआधी दोन चाचण्या स्वतः करा. दहाची नोट काच आणि रबराच्या मध्ये धरून दार लावा, मग ओढा. अडखळत, घट्ट निघाली पाहिजे. पूर्ण कडेने चार-पाच ठिकाणी करा. सैल निघाली तिथे पाणी येणार. मग दहा मिनिटं पाइपने पाणी मारा, आत एकाने टॉर्च घेऊन बसायचं. बिलावर "पाणी गळाल्यास सहा महिने विनामूल्य जुळवून देऊ" एवढं पेनाने लिहून घ्या. जो लिहून द्यायला कुरकुरतो त्याचे ३४ हजार महाग आहेत. मग कंपनीतच जा, पण बीडिंग वगळून. तेव्हा बिल ६८,४४० होईल.

आता पैसे कुठून. एसआयपी थांबवू नका. महिना ४० हजारांची एसआयपी दोन महिने थांबवायची म्हणजे ८० हजार मोकळे करून ३४ चं काम करायचं, आणि माझ्या अनुभवात दोन महिन्यांसाठी थांबलेली एसआयपी सहाव्या महिन्यात कोणीतरी आठवण करून दिल्यावर सुरू होते. क्रेडिट कार्डावर ठेवून मागे ढकलणं तर नकोच. लिक्विड फंडात, म्हणजे हवे तेव्हा पैसे काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात, तुमचे साडेचार लाख आहेत, त्यातून घ्या. आणीबाणीचे पैसे काचेला वापरायला तुम्हाला कसंसं होईल, व्हायलाच हवं. म्हणून दर महिन्याच्या पाच तारखेला १० हजार परत टाकायची सूचना बँकेला आजच द्या. तीन महिन्यांत भरून निघेल. आणि मग ती सूचना बंद करू नका. या गाडीच्या नावाने वेगळं खातं ठेवा आणि तिथे वळवा. तुम्हीच लिहिलंय की गेल्या वर्षी टायर, बॅटरी, सर्व्हिस, विमा मिळून १ लाख ६० हजार गेले आणि गाडी २,२०० किलोमीटर चालली. किलोमीटरला ७३ रुपये, पेट्रोल सोडून. हौस आहे, मला मान्य आहे. माझीही एक आहे, तिचा हिशोब मी बायकोला दाखवत नाही. पण पगारातून दर वेळी दचकत भरण्यापेक्षा हौसेला महिन्याचा पगार ठरवून द्यावा.

विकण्याचं म्हणाल तर वहिनींचा मुद्दा चुकीचा नाही, फक्त त्याचा काचेशी संबंध नाही. विकायची असली तरी काच लावावीच लागेल. प्लास्टिक लावलेली गाडी बघून घेणारा ३४ हजार नाही, दीड-दोन लाख कमी सांगेल. खरी तारीख जून २०२७ आहे. तेव्हा नोंदणीला पंधरा वर्षं होतात. नूतनीकरणाला फिटनेस, पर्यावरण कर आणि फी आली. एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीला ही फी ५ हजार आहे, पण आयात वाहनाला ४० हजार. तुमच्या आरसीवर गाडी आयात म्हणून नोंदली आहे का, ते आरटीओत जाऊन बघून या. त्या उत्तरावर पुष्कळ अवलंबून आहे. विकायचं ठरलं तर दिवाळीनंतर, थंडीत. उघडी गाडी जुलैत कोणाला हवीशी वाटत नाही.

राहिले शेजाऱ्याचे पाच हजार. घ्या. त्यांनी आपणहून देऊ केलेत, नाकारलेत तर वर्षभर लिफ्टमध्ये दोघांना अवघडल्यासारखं होईल. पूर्ण ३४ मागायला जाऊ नका. सोसायटीच्या बैठकीत तो विषय गेला की काचेपेक्षा जास्त काहीतरी फुटतं. आणि क्लेम न करण्याचा हा एक छोटा फायदाही आहे: विमा कंपनीने पैसे दिले असते तर त्याच नुकसानीचे शेजाऱ्याकडून वेगळे घेणं योग्य झालं नसतं. तो सीझन बॉल अजून तुमच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे असं पत्राच्या शेवटी लिहिलंय. पाच हजार घ्यायला जाल तेव्हा तो परत नेऊन द्या, आणि पार्किंगची जागा बदलून भिंतीकडची मिळते का, हे सेक्रेटरींना विचारा.