नेटवर्किंगमधून आयटीत येताय? आधी हे करा

आयटी म्हणजे फक्त कोडिंग नव्हे. डेस्कटॉप सपोर्ट किंवा नेटवर्किंगमधून शिरणार असाल, तर सीसीएनए (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा) क्लासची फी भरण्याआधी दोन महिने घरीच हात साफ करा. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर, म्हणजे कॉम्प्युटरवरच खोटं नेटवर्क उभारून सराव करायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. त्यात एक राउटर, एक स्विच आणि चार पीसी जोडा, दोन व्हीलॅन (एकाच स्विचवरची दोन वेगळी नेटवर्क) पाडा आणि एकातून दुसऱ्यात पिंग, म्हणजे जोडणी तपासायचा छोटा संदेश, पोहोचवा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं: राउटरकडे जाणारा स्विचचा पोर्ट ट्रंक (दोन्ही व्हीलॅनची वाहतूक नेणारा) करायचा राहतो, नाहीतर पीसीवर डिफॉल्ट गेटवे, म्हणजे नेटवर्कबाहेर जायचा राउटरचा पत्ता, चुकतो. चूक स्वतः शोधा, लगेच व्हिडिओ उघडू नका.

सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे पत्ते लहान गटांत वाटणं, कागदावरच करा. /२६ आकाराच्या गटात ६४ पत्ते. पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना एकदम संदेश पाठवायचा), हाताशी उरतात ६२. हे तोंडपाठ हवं, मुलाखतीत विचारतातच.

नेट बंद असल्याची तक्रार आली की क्रम मोडू नका. आधी केबल आणि पोर्टचा दिवा, मग आयपी (पीसीचा नेटवर्कवरचा पत्ता). पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर आपोआप पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून उत्तर आलेलं नाही. ८.८.८.८ला (गूगलच्या सर्व्हरला) पिंग जातो पण साइट उघडत नाही? मग साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारं डीएनएस तपासा.

आणि कळकळीने सांगतो, डंप (परीक्षेतले फुटलेले प्रश्न) पाठ करून परीक्षा देऊ नका. सीसीएनएचं प्रमाणपत्र ३ वर्षं चालतं, पण पाठांतर पहिल्याच प्रॅक्टिकल प्रश्नाला उघडं पडतं. नेटवर्किंग जमलं की लिनक्स घ्या, पायथन त्यानंतर.