थर्टी-थर्टीसाठी 150 का 170 ग्रेन, आणि हरणावर किती लांबून मारायचं

तुमचे प्रश्न दोन आहेत. थर्टी-थर्टी काडतुसाची जुनी मार्लिन 336 रायफल घेतलीय, तर व्हाइटटेल हरणासाठी 150 ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी घ्यावी का 170 ची, आणि दुसरं म्हणजे कोणीतरी सांगितलंय की नवीन टोकदार काडतुसं घेतली की 300 यार्डांपर्यंत आरामात मारता येतं, ते खरं का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. निदान पहिल्या सीझनला तरी 300 यार्ड डोक्यातून काढून टाका.

आता टोकाचं. 336 ला बॅरलखाली ट्यूब मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायची नळी असते, त्यात काडतुसं एकामागे एक बसतात, म्हणजे मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडाला, बरोबर प्राइमरवर, म्हणजे काडतूस पेटवणाऱ्या टोपीवर टेकलेलं. फायर झाल्यावर जो धक्का बसतो त्यात कडक अणकुचीदार टोक प्राइमरवर आदळलं तर काडतूस ट्यूबमध्येच फुटू शकतं आणि तुमचा पुढचा हात नेमका तिथेच असतो. म्हणून या रायफलला चपट्या किंवा गोल टोकाच्याच गोळ्या. हॉर्नडी कंपनीच्या लेव्हरेव्होल्यूशन काडतुसाचं टोक मुद्दाम मऊ रबरासारखं केलेलं आहे म्हणून ते टोकदार असूनही चालतं, पण दुसरी कुठलीही प्लॅस्टिक टिपवाली गोळी तशीच असेल असं समजून ट्यूबमध्ये भरू नका. ब्राउनिंग बीएलआर किंवा सॅव्हेज 99 रायफलवाल्यांना ही अडचण येत नाही, त्यांचं मॅगझिनच वेगळं असतं.

150 का 170. नेहमीच्या सॉफ्ट पॉइंटच्या (टोकाला मऊ शिसं उघडं असलेल्या गोळीच्या) डब्यावर 150 चा वेग 2390 फूट प्रति सेकंद लिहिलेला असतो, 170 चा 2200, त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला 150 च भारी वाटते. पण या बोथट गोळ्यांचा वेग हवेत फार पटकन पडतो, हलकीचा जास्तच पडतो, आणि 200 यार्डांवर जाईपर्यंत दोन्ही 1600 च्या आसपास येतात. वजन जास्त असल्यामुळे तिथे ताकद 170 कडे उरते, साधारण 990 फूट-पाउंड (गोळीच्या ऊर्जेचं माप), 150 कडे 860 च्या जवळपास. शिवाय हे आकडे 24 इंची बॅरलचे असतात, तुमची 20 इंची असणार, तेव्हा वेग आणखी थोडा कमीच धरा. हरीण 100 यार्डांच्या आत असेल तर दोन्हींनी सारखंच पडतं, खरंच काही फरक कळत नाही. मला स्वतःला दाट जंगलात 170 आवडते कारण खांद्याचं हाड मध्ये आलं तरी ती आत जाते. तरी शेवटी ठरवायचं रायफलनेच, दोन्हीचा एकेक डबा आणा, 100 यार्डांवर टेकू देऊन तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप (एकाच नेमावर पडलेल्या भोकांचे पुंजके) मारा, मध्ये बॅरल गार होऊ द्या, आणि जिचा ग्रुप घट्ट येईल ती घ्या. दोन इंचांचा ग्रुप आला तरी या कामाला भरपूर झाला.

झीरो करताना, म्हणजे गोळी नेमाच्या जागी बसावी म्हणून साइट जुळवताना, 100 यार्डांवर दोन इंच वर लावा. मग साधारण 150 ला बरोबर मध्यावर बसते, 200 ला पाचेक इंच खाली जाते आणि 250 ला फुटाहून जास्त खाली. हरणाचं हृदय-फुफ्फुसाचं क्षेत्र आठ इंच धरतात, म्हणजे वर-खाली चार-चार इंच, तेव्हा मध्यावर नेम धरून पावणेदोनशेच्या आसपासपर्यंत चालतं, त्यापुढे अंदाज सुरू होतो आणि जिवंत जनावरावर अंदाजाने मारू नये असं माझं ठाम मत आहे.

लेव्हरेव्होल्यूशन चांगलंच काडतूस आहे, 160 ग्रेन, 2400 चा वेग, 100 ला तीन इंच वर ठेवलं तर 200 ला जवळजवळ शून्यावर येतं, आणि कंपनीच्या तक्त्यात 300 ला बारा इंच खाली आणि ताकद हजारच्या वर आहे, म्हणजे कागदावर तो माणूस चुकीचं बोलत नव्हता. पण 10 मैल वेगाचा आडवा वारा त्याच 300 वर गोळीला फूटभर बाजूला नेतो, आणि फुफ्फुसावर धरलेला नेम फूटभर मागे गेला की गोळी पोटात, मग ते हरीण रात्रभर कुठेतरी पडून तडफडणार आणि तुम्हाला सापडेलच असं नाही. त्यात उघड्या साइटवर तेवढ्या अंतराला पुढचा बीड (साइटचा नेम धरायचा मणी) हरणाची अर्धी छाती झाकून टाकतो.

तुमची रेंज तुमची तुम्हीच काढायची. आठ इंची कागदी प्लेट 50 यार्डांवर लावा आणि टेबल सोडून द्या. बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून मारा, थोडं भरभर चालून या आणि दम लागलेला असतानाच मारा, जाड जॅकेट घालून मारा. सगळ्या गोळ्या प्लेटमध्ये बसल्या की 25 यार्ड मागे जा. जिथे पहिली एक बाहेर गेली त्याच्या आधीचं अंतर ही तुमची हद्द, मग ते 75 का असेना. थंड बॅरलची पहिली गोळी सगळ्यात महत्त्वाची, कारण जंगलात बहुतेक वेळा तीच एक मिळते.

काडतुसं घ्यायच्या आधी तुमच्या राज्याचे नियम बघा. ओहायोत हरणासाठी सरळ भिंतीचं, म्हणजे पुढे निमुळतं न होणारं काडतूस लागतं, थर्टी-थर्टीची केस पुढे निमुळती असल्यामुळे तिथे ती चालत नाही, तिथले लोक .45-70 किंवा .44 मॅग्नम वापरतात. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीला शिशाची गोळी बंद आहे, तिथे तांब्याची चपट्या टोकाची घ्यावी लागेल.

आणि एकदा जी पसंत पडली तिचे चार-पाच डबे एकाच लॉटचे (कारखान्यात एकत्र बनलेले) घेऊन ठेवा, सराव आणि शिकार दोन्ही त्यातूनच करा. मध्येच ब्रँड बदलला तर झीरो परत तपासल्याशिवाय जंगलात जाऊ नका.