हात बसला की डोळा चुकतो

कोडी सोडवायला नुकती सुरुवात केली आहेस ना, मग आधी हे करून बघ. भांडी २१, १२७ आणि ३ मापांची. पाणी हवंय १००. मधलं भरायचं, त्यातून पहिलं एकदा आणि तिसरं दोनदा भरून काढायचं, मधल्यात १०० उरतं. अशी पाच-सहा सोडवल्यावर २३, ४९, ३ मापांची भांडी घे आणि २० मोज. बहुतेक जण पुन्हा तीच लांबड लावतात; २३ मधून ३ गेले की झालं, हे दिसतच नाही! मानसशास्त्रज्ञ अब्राहम लचिन्सने हे १९४२ मध्ये दाखवलं. (मीही फसलो होतो, तेही गणित शिकवत असताना.) म्हणून एकाच साच्याची कोडी सलग सोडवू नकोस, मध्ये वेगळं काहीतरी घुसव. अडलास तर चहा टाक, आणि परत आल्यावर जुनी आकडेमोड न बघता कोऱ्या पानावर सुरू कर.