वकीलपत्राच्या आधी

पोरी,

परवा फोनवर तू घाईत होतीस. एकाच दिवशी तीन बाया आल्या, तिघींनी आरोग्य केंद्रातून 'अंतरा'चं, म्हणजे गर्भ राहू नये म्हणून देतात ते इंजेक्शन घेतलेलं आणि तिघींच्या मोबाईलवर एकच बातमी: या इंजेक्शननं मेंदूत गाठ होते, अमेरिकेत कंपनीवर दावे लागलेत. 'घेऊ का वकीलपत्र?' असं तू विचारलंस. फोनवर हो-नाही म्हणून भागणार नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

बातमी खोटी नाही. अंतरात मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन असतं. ते वर्षभर किंवा जास्त घेणाऱ्या बायांमध्ये मेंदूच्या आवरणाच्या गाठीचं ऑपरेशन करावं लागण्याचा धोका ५.६ पट दिसला, असा फ्रान्समधला अभ्यास २०२४ साली आला. हेच औषध विकणाऱ्या फायझर कंपनीवरचे अमेरिकेतले दावे २०२५ च्या फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या कोर्टात एकत्र केले गेले. पण ही गाठ मुळातच विरळ आहे. पाचपट झाली तरी विरळच राहते. आणि नुसत्या भीतीवर भरपाईचा दावा उभा राहत नाही, आधी इजा दाखवावी लागते. तिथले वकील मिळणाऱ्या रकमेत वाटा घेतात, आपल्याला बार कौन्सिलच्या नियमांनी ते मना आहे. तेव्हा त्यांच्यासारखं गावोगाव पक्षकार गोळा करण्याच्या नादी लागू नकोस.

त्याहून मला काळजी वेगळी आहे. तुझ्या दारातून घाबरून गेलेली बाई पुढचं इंजेक्शन चुकवेल, दुसरं काही घेणार नाही आणि चार महिन्यांनी नको असलेलं पोट घेऊन बसेल. गरोदरपणाचा धोका काही कमी नसतो, रक्ताच्या गुठळीचे अमेरिकी औषध प्रशासनाचे आकडे बघ. दहा हजार बायांमागे वर्षाला, गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १ ते ५ जणींना गुठळी होते. माला-एनसारखी इस्ट्रोजेन हार्मोनची गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९. गरोदरपणात ५ ते २०, आणि बाळंतपणानंतरच्या बारा आठवड्यांत ४० ते ६५. म्हणून 'बंद कर' हा शब्द वकिलाच्या तोंडून जाऊ नये. बदलायचं असेल तर डॉक्टरांशी बोल म्हणावं. छाया ही गोळी आहे, तिच्यात हार्मोन नाही. तांबी आहे, निरोध आहे.

आता माझं एक सांगते, आजही मनातून जात नाही. वीसेक वर्षांपूर्वी दारव्ह्याकडची एक बाई आली. महालक्ष्म्या बसायच्या आठवड्यात पाळी येणार होती, म्हणून जावेनं मेडिकलमधून पाळी लांबवायच्या गोळ्या आणून दिल्या. चिठ्ठी नाही, बिल नाही. त्या गोळीतल्या नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात माला-एनमधल्याच इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, हे तिला कोण सांगणार? एकच पोटरी सुजून टणक झाली. निंदणाला वाकून भरली असेल म्हणून घरच्यांनी तेल चोळलं. शेवटी शहरात डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, केली तेव्हा गुठळी निघाली. बाई वाचली, पण माझ्याकडे येईपर्यंत अडीच वर्षं उलटली होती. 'गोयी कोन्ती होती मले काय माहीत बाई, पाकीट तं चुलीत टाकलं,' म्हणाली. ग्राहक मंचात तक्रार करायची दोन वर्षांची मुदत संपली होती. उशीर माफ करून घेता आला असता, पण मंचापुढे ठेवायला माझ्याकडे एक कागद नव्हता. मी तिला परत पाठवलं.

म्हणून आधी कागद. अंतराचं कार्ड, केसपेपर, मेडिकलचं बिल, रिकामं पाकीट, त्यावरचा बॅच नंबर. डॉक्टरांकडे लेखी अर्ज केला तर ७२ तासांत नोंदी मिळायला हव्यात, असा २००२ चा नियम आहे. औषधाचा त्रास १८००-१८०-३०२४ या सरकारी हेल्पलाइनवर रुग्णालाही कळवता येतो. तेही करायला लाव. आणि घरात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे का, बीपी आहे का, हे विचार. आपल्या भागात सिकलसेलच्या बाया कमी नाहीत, त्यांच्यात गुठळीचा धोका आधीच जास्त असतो आणि गोळी देताना तो प्रश्न राहून जातो.

कायद्याचं थोडक्यात. पुरेसा इशारा न देणारा उत्पादक २०१९ च्या ग्राहक कायद्याच्या कलम ८४ खाली जबाबदार ठरू शकतो. पण सरकारी केंद्रात सगळ्यांनाच फुकट मिळालेली सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, सुप्रीम कोर्टाचा १९९५ चा शांता निकाल पुन्हा वाच. म्हणून सरकार सुटतं असं नाही. सरकारी दवाखान्यात नसबंदी फसलेल्या संत्राच्या प्रकरणात २००० साली सुप्रीम कोर्टानं राज्याला जबाबदार धरलं, पण तो रस्ता दिवाणी कोर्टाचा. इंजेक्शन टोचण्याआधी बाईला काय सांगितलं होतं, हा प्रश्न तर जुना आहे. नेट-एन या दुसऱ्या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध १९८६ मध्ये हैदराबाद-दिल्लीच्या बाया सुप्रीम कोर्टात गेल्या, तेव्हाही तो होताच.

आणि हो, तुझ्या त्या तिसरीचं. सकाळी उठलं की डोकं ठणकतं, अधूनमधून अंधुक दिसतं, असं तू ओझरतं बोललीस आणि लगेच दाव्याकडे वळलीस. मी मात्र तिथंच अडकले. तिला बहुधा दुसरंच काही असेल, पण कापसाची वेचणी संपायची वाट बघू नका. सोमवारी तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात ने, कार्ड बरोबर घे, इंजेक्शन कधीपासून सुरू आहे ते डॉक्टरांना सांग. गाडीभाड्याची अडचण असेल तर मी पाठवते. तपासणी झाली की रात्री फोन कर, मी जागी असेन.

तुझी ताई