लिनक्सवर अडलेल्या नव्या माणसाला मदत मिळण्याच्या पद्धतीत तुम्ही कोणत्या सुधारणा सुचवाल?

माझी सूचना एकच. उत्तराच्या डोक्यावर तारीख आणि आवृत्ती लिहा. डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचा प्रकार, उबंटू, मिंट वगैरे) कुठली, तिची आवृत्ती कुठली, मशीन ३२ बिट की ६४. एवढं नसेल तर उत्तर कितीही मोठ्या जाणकाराचं असो, माझ्या लेखी रद्दी. विचारणाऱ्यांनी नीट विचारायला शिकावं, हे प्रवचन सगळेच देतात. मी उत्तर देणाऱ्यांबद्दल बोलणार, कारण माझं डोकं तिथं फिरलेलं आहे.

बेळगावजवळच्या खानापुरात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. गिऱ्हाईक मराठीत बोलतं, अर्ज कचेरीत कन्नडमधून द्यायचा असतो आणि पोराचा बायोडेटा इंग्रजीत हवा असतो. जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ चा सपोर्ट संपला. माझी मशीनं जुनी, रॅम दोन जीबी. त्यावर नवी विंडोज टाकून रांगत बसण्यापेक्षा लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. मशीन सुसाट. लिब्रेऑफिस मराठीतून, मेनू मराठीतून, दुकानात आलेली माणसं वाकून बघायची. फक्त प्रिंटर चालेना. झेरॉक्सवाल्याचा प्रिंटर बंद म्हणजे दुकानच बंद की हो.

तो आपला नेहमीचा स्वस्तातला छोटा लेझर. असल्या प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट, पीसीएल या प्रिंटरच्या नेहमीच्या भाषा कळत नाहीत. पानाचं चित्र संगणकानंच तयार करून कंपनीच्या खास भाषेत त्याच्या हातात द्यावं लागतं. त्यासाठीचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, कंपनीनं एकदा काढला, तोही ३२ बिटचा, आणि पुढं त्याच्याकडं बघितलंच नाही. माझं मशीन ६४ बिटचं. प्रिंट दिली की ‘फिल्टर फेल्ड’ एवढंच यायचं आणि काम रांगेतच पडून राहायचं.

शोधल्यावर उपाय ढिगानं सापडले, आणि जवळजवळ सगळे उबंटू १२.०४ च्या काळातले. एकानं सांगितलं, ३२ बिटची सॉफ्टवेअर चालवायला ‘आयए३२-लिब्स’ टाका. ते पॅकेज उबंटूनं १३.१० पासून काढूनच टाकलंय. दुसऱ्याचं म्हणणं, ‘जीकेसुडो’नं, म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं, फाईल उघडा. तेही १८.०४ पासून नाही. तिसऱ्यानं मशीन चालू होताना प्रिंटरची सेवा सुरू करायची जुनी स्क्रिप्ट दिली होती. असल्या सेवा सुरू करायला उबंटू १५.०४ पासून सिस्टमडी वापरतं, तिथं ती स्क्रिप्ट धड चालायची नाही. यातलं एकही उत्तर लिहिलं तेव्हा चूक नव्हतं. पण कुठल्या आवृत्तीसाठी लिहिलंय ते कुणी सांगितलंच नव्हतं. औषधाच्या पट्टीवर मुदत छापतात तशी इथं नको का छापायला?

मी स्वतः एका फोरमवर विचारलं तेव्हा पहिलं उत्तर आलं, ‘आधी मॅन्युअल वाचा.’ दुसरं, ‘दुसरा प्रिंटर घ्या.’ लग्नसराई तोंडावर आलेली, पत्रिकांचे प्रूफ अडकलेले, आणि म्हणे दुसरा प्रिंटर घ्या!

पुण्याला आमचे दाजी आयटीत आहेत. त्यांना फोन केला तर म्हणाले, “अरे, तुला प्रश्नच विचारता येत नाही. आणि दुकानदाराला कशाला हवंय लिनक्स?” मी म्हटलं, “दाजी, डॉक्टरकडं गेल्यावर पेशंटनंच आजाराचं नाव सांगायचं काय? काय होतंय ते डॉक्टरनं विचारायचं असतं.” त्यावर त्यांचं उत्तर, फुकटात मदत मागणाऱ्यानं तेवढे कष्ट घ्यावेत. हा वाद आमच्यात अजून चालू आहे, दर दिवाळीला.

सोडवलं ते त्याच फोरमवरच्या केरळच्या एका मास्तरांनी. तिकडच्या सरकारी शाळांत लिनक्सच चालतं, त्यामुळं असले प्रिंटर त्यांच्या हाताखालून गेलेले. ते माझ्यावर ओरडले नाहीत. तीन कमांड दिल्या आणि जे येईल ते जसंच्या तसं पाठवा म्हणाले. माझं टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, मराठीत बोलत होतं, ते त्यांना कळेना. मग कमांडच्या आधी ‘एलसी_ऑल=सी’ लिहायला सांगितलं, की एरर इंग्रजीत येतो. मराठी मेनू ठेवणाऱ्या प्रत्येकानं एवढं तरी लक्षात ठेवा. मराठी एरर शोधून उत्तर सापडणं कठीण, मेनू मात्र खुशाल मराठी असूदे.

पुढचं काम साधं होतं. आय३८६ (म्हणजे ३२ बिटचं) आर्किटेक्चर जोडून ३२ बिटच्या लायब्रऱ्या टाकल्या, तेव्हा ‘फिल्टर फेल्ड’ गेलं. जुन्या स्क्रिप्टच्या जागी सिस्टमडीची चार ओळींची सर्व्हिस फाईल लिहिली. तरी वीज जाऊन आली की प्रिंटर गायब. कारण यूएसबीवर त्याचा नंबर कधी एलपी० यायचा, कधी एलपी१. मास्तरांनी यूडेवचा (जोडलेल्या उपकरणांना नाव देणाऱ्या सेवेचा) एक नियम देऊन त्याला कायमचं नाव दिलं. तेव्हापासून चालतोय. हे सगळं आवृत्तीसकट लिहून मी फोरमवर माझ्या प्रश्नाखालीच टाकलं. ‘झालं, धन्यवाद’ एवढंच लिहून पळणारे लोक मला त्या मॅन्युअलवाल्यापेक्षा जास्त खटकतात. अरे झालं ना? मग काय केलंस ते सांग की!

तर दाजी, वाचत असाल तर सांगतो, मास्तरांनी प्रश्न नीट विचारला म्हणून काम झालं. मी तोच होतो, माझं इंग्रजीही तेच होतं.

आता थोडं उत्तर देणाऱ्यांच्या बाजूनंही. ‘चालत नाही’ एवढ्या दोन शब्दांवर कुणी मदत करू शकत नाही, हे खरं. मिंटमध्ये सिस्टम रिपोर्ट्समध्ये (नव्या आवृत्तीत नाव ‘सिस्टम इन्फर्मेशन’) मशीनची सगळी माहिती एका बटणावर कॉपी होते, ती प्रश्नासोबत चिकटवा. टर्मिनलमधून द्यायची तर मशीनची माहिती दाखवणाऱ्या ‘इन्क्सी’ कमांडला झेडचा पर्याय लावा, सीरियल नंबर आणि नेटवर्कचे पत्ते झाकले जातात. आणि अनोळखी माणसानं दिलेली सुडोची (ॲडमिनच्या अधिकारानं चालणारी) ओळ काय करते ते कळल्याशिवाय चालवू नका, मग तो कितीही गोड बोलू दे. नवा प्रिंटर घेणार असाल तर ड्रायव्हरशिवाय चालणारा, म्हणजे आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंटवाला घ्या. लिनक्सवर कुठला प्रिंटर कितपत चालतो, याची प्रतवारी ओपनप्रिंटिंगच्या जुन्या यादीत आहे. तिथल्या सगळ्यात खालच्या वर्गाचं नाव ‘पेपरवेट’, म्हणजे कागदावर ठेवायचं वजन, आहे, यावरून काय ते समजा.

मराठीतून मदत हवी का, असंही तुम्ही विचारलंय. हवी, पण माझ्या अनुभवात मराठीत मुख्य अडचण टायपिंगची. आमच्यासारख्या दोन लिप्यांच्या मुलखात इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा कीबोर्ड शिका. मराठी ‘क’ची कळ तीच कन्नड ‘क’ची, एकदा बोटं बसली की दोन्हीकडं चालतात. ध्वन्यात्मक, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावर चालणारा, हवा असेल तर कीबोर्डच्या यादीत मराठीसाठी ‘कगप’ नावाचा आराखडा दिसेल. तो मुळात कन्नड गणक परिषदेचा. बेळगावच्या वादात दोन्हीकडून घोषणा देणारे माझ्याच दुकानात येतात, त्यांना मी हे मुद्दाम सांगतो. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधल्या पत्रिका मात्र युनिकोडमध्ये आपोआप येत नाहीत. त्यासाठी कन्व्हर्टर लागतो, आणि नंतर प्रूफ डोळ्यांनीच वाचावं लागतं.