नववी-दहावीच्या मुलांना अलंकार वापरून कविता लिहायला कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की मुलांना उपमा, उत्प्रेक्षा, रूपक यांच्या व्याख्या तोंडपाठ आहेत, पेपरात अलंकार ओळखताही येतात, पण कविता लिहायला सांगितली की प्रत्येक वहीत तोच चंद्र आणि तेच कमळ. मीही बरीच वर्षं आधी व्याख्या, मग उदाहरण, मग 'आता तुम्ही एक करा' असंच शिकवलं आणि मलाही तेच चंद्र मिळाले. आता मी क्रम उलटा केलाय. आधी वस्तू, मग ओळ, आणि अलंकाराचं नाव सगळ्यात शेवटी.

पहिल्या तासाला कविता नकोच. मुलांच्या तोंडी रोज असतं तेच फळ्यावर लिहा: बाटलीचा गळा, खुर्चीचे पाय, जीव टांगणीला लागला, राग गिळला. मग एकावरच थांबा. राग गिळला म्हणजे नेमकं काय केलं? गिळल्यावर तो कुठे जातो? माझ्या वर्गात एक मुलगी म्हणाली, 'सर, तो खाली जातच नाही, घशाशी बसतो. मग पाणी प्यायलं तरी दुखतं.' ती बोलली तसंच मी फळ्यावर उतरवलं. अलंकार आपल्या बोलण्यात आधीपासूनच आहेत, हे मुलांना तिथे कळलं.

खरी मेहनत यानंतर आहे. एका मुलाने लिहिलं होतं, 'माझी आजी म्हणजे मायेचा सागर'. मी ओळ खोडली नाही, फक्त विचारलं, 'समुद्र पाहिलायस?' नाही म्हणाला. 'बरं, काल संध्याकाळी आजी काय करत होती?' तर म्हणाला, सुईत दोरा ओवायला मला हाक मारली. पण मी गेलो तरी सुई हातात देईना, आधी स्वतः दोन-तीनदा ओवून बघत होती. म्हटलं, तेवढंच लिही. दुसऱ्या दिवशी त्याने आणलं:

सुईच्या नेढ्यातून आजी बघते
बंद दाराच्या फटीतून बघावं तशी.
आत कुठेतरी तिचे जुने डोळे आहेत.

वर्ग एकदम गप्प झाला. मग मी विचारलं, यात उपमा कुठली? एरवी मख्ख बसणाऱ्या मुलांनीही सांगितली.

व्याकरण इथे कामाला येतं. उपमेचे चार घटक तुम्ही शिकवताच: उपमेय (ज्याचं वर्णन करायचं ते), उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते), साधारण धर्म (दोघांत सारखा असलेला गुण) आणि साम्य दाखवणारा शब्द. चारही असले की पूर्णोपमा, एखादा गाळला की लुप्तोपमा. हे नुसतं ओळखायला न लावता मुलांना हाताने करू द्या. 'आजीचे डोळे धुक्यासारखे अंधुक' यातला 'अंधुक' काढा. मग 'सारखे' काढा. उरलेलं थोडं जुळवून घेतलं की होतं 'आजीच्या डोळ्यांत धुकं'. साधारण धर्म सांगून टाकला की वाचणाऱ्याला शोधायला काही उरत नाही, हे या खोडाखोडीतून जितकं पटतं तितकं माझ्या सांगण्याने कधी पटलं नव्हतं.

अकराव्या शतकातल्या मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात उपमेची व्याख्या तीन शब्दांत केली आहे: 'साधर्म्यमुपमा भेदे', म्हणजे भेद असूनही दाखवलेलं साम्य ती उपमा. आपण साम्यावरच भर देतो आणि 'भेदे' विसरतो. सुई आणि दार एकमेकांपासून किती लांब आहेत बघा, म्हणून ती ओळ चालते. फूल आणि चेहरा इतक्यांदा शेजारी बसलेत की त्यांच्यातला भेद आता जाणवतच नाही.

चेतनगुणोक्तीत, म्हणजे निर्जीव गोष्टीला सजीवासारखं वागवताना, मुलं हमखास घसरतात. वारा गातो, सूर्य हसतो, पाऊस रडतो. अशा वेळी क्रियापदावर बोट ठेवा आणि विचारा, हा वारा आज, या खिडकीपाशी काय करतोय? 'वारा पडद्यामागे उभा राहून श्वास घेतोय' अशी ओळ आली की समजा, मुलाने खिडकीकडे खरंच पाहिलं.

यमक पहिला महिनाभर बंद ठेवा. जुळवाजुळवीत अर्थाचा बळी जातो. आणि गुण देताना अलंकार मोजू नका, नाहीतर आठ ओळींत दहा उपमा येतील. एकच प्रतिमा कवितेच्या शेवटपर्यंत टिकवणाऱ्याला मी जास्त गुण देतो.

आणखी एक. ओळ कच्ची असेल तर लाल पेनाने स्वतः सुधारून देऊ नका. मोह होतो, मलाही होतो. पण मग ती ओळ तुमची होते आणि मूल पुढच्या वेळी तुमच्या पसंतीचं लिहायला लागतं. पानाच्या समासात एक प्रश्न लिहा, पुरे.

उद्याच्या तासाला एखादी वस्तू घेऊन जा, शक्यतो थोडी मोडकी: किल्ली हरवलेलं कुलूप, काच तडकलेलं घड्याळ. नव्या कोऱ्या वस्तूबद्दल मुलं जाहिरातीसारखं लिहितात. पहिली दहा मिनिटं 'सारखं' आणि 'जणू' या शब्दांना बंदी. डोळ्यांना, हाताला, नाकाला काय कळतंय तेवढंच लिहायचं. दहा मिनिटांनी बंदी उठवा.